चारही इंजेक्टर बदला म्हणाले? आधी रिटर्न तपासायला सांगा

दारव्ह्याच्या भाऊंनी लिहिलंय की त्यांची बीएस४ (आधीच्या प्रदूषण मानकाची) डिझेल गाडी सव्वा लाख किलोमीटर झाली. सकाळी एका सेल्फात चालू होते, पण भर उन्हात बाजारात तासभर उभी राहिली की बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारावा लागतो. वर्कशॉप म्हणतं चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) बदला. माझी गाडी अगदी हेच करायची, म्हणून लिहितो. मी मेकॅनिक नाही, मास्तरकी आणि शेती करणारा माणूस आहे. भाऊ, तुमची गाडी न पाहता लिहितोय हे धरून चाला.

थंडीत अडत असती तर मी म्हटलं असतं आधी ग्लो प्लग (थंड इंजिन चालू व्हायला आतून ऊब देणारे) पाहा. तापल्यावर अडते म्हणजे संशय रिटर्नवर, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलवर, जातो. डिझेल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरच्या आतून परतीच्या नळीत जास्त निसटतं, आणि सेल्फच्या वेगाला रेलमध्ये (चारही इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामायिक नळीत) पुरेसा दाब तयारच होत नाही. दाब नाही तर गाडीतला कॉम्प्युटर इंजेक्टर उघडू देत नाही. आपल्याकडचा मे महिना म्हणजे या रोगाला खतपाणीच.

तपासणी साधी आहे. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार बाटल्यांत सोडायच्या, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवायचं आणि कोणत्या बाटलीत किती जमलं ते पाहायचं. तीन सारख्या आणि एक भरभरून, तर गुन्हेगार एकच. चारही ठीक निघाल्या तर हाय-प्रेशर पंप किंवा रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या ज्या मोठ्या वर्कशॉपात मी गेलो (नाव घेत नाही) तिथे ही टेस्ट केलीच नाही. 'आमच्याकडे सेटच बदलतात' एवढंच उत्तर. कोटेशन पन्नास हजारांच्या वर.

पण खरा पैसा गेला तो पुढे. नवे इंजेक्टर बसले, गाडी चालू झाली, पण आयडलला थरथरायची आणि ठकठक वाजायची. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड असतो. तो कॉम्प्युटरला भरला की त्या इंजेक्टरला डिझेल किती द्यायचं ते जुळतं. तो भरलाच नव्हता. विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणे, 'नवे आहेत, चालता चालता सेट होतील.' होत नसतात जी! आणि डिझेल फिल्टर? तो तर उघडलाही नव्हता. पावसाळ्यानंतर तोच त्रास परत आला. शेवटी नागपूरच्या एका पंप-नोझलवाल्याने फिल्टर खोलला तर तळाला पाणी, आणि बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) खोललेल्या नव्या इंजेक्टरच्या सुईवर गंजाचे डाग. रोग टाकीत, औषध इंजिनला. जुने इंजेक्टर परत मागितले तर 'स्क्रॅपला गेले', मेल केला तर 'आपली तक्रार नोंदवली आहे'. अजून नोंदवलेलीच आहे.

तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ सहज आली आहे, शेतावरच्या ड्रममधलं डिझेल कधीकधी कारमध्ये टाकता. माझ्या मते तिथेच थांबा. ट्रॅक्टरचा जुना पंप जे पचवतो ते तुमच्या कारच्या कॉमन रेलला (वर सांगितलेल्या सामायिक नळीच्या पद्धतीला) पचत नाही. इथे दाब १००० बारच्या वर जातो आणि आतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. पाणी ड्रमच्या तळाला बसतं आणि शेवटच्या कॅनमध्ये तेच येतं. कोणी रॉकेल मिसळायचा सल्ला दिला तर हात जोडा. त्याला वंगण कमी, पंप खरवडून निघतो. पेट्रोल पंपावरच्या मापाबद्दल किंवा भेसळीबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं माप आणि डेन्सिटी (घनता) मागता येते, हक्काने मागा. डिझेलमध्ये टाकायचं बाटलीतलं क्लीनर वापरायला हरकत नाही, पण झिजलेली सुई त्याने भरून येत नाही.

एक गोष्ट मात्र जीवावरची. गावातला ट्रॅक्टर मिस्त्री मिसिंग (कोणता सिलिंडर काम करत नाही ते) शोधायला चालू इंजिनवर पाइपचा नट ढिला करतो. कॉमन रेलवर ते करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते. बाहेर बारीक टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. असं झालंच तर सरळ मोठं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगा.

इंजेक्टर काढावेच लागले तर प्रत्येक वेळी तांब्याचं वॉशर नवं, बसायची जागा साफ केलेली, आणि नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना). जुनं वॉशर घातलं की कॉम्प्रेशन निसटतं, फसफस आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा थर जमतो. मग पुढच्या वेळी इंजेक्टर निघता निघत नाही. बेंच टेस्टचा कागद लेखी घ्या, जुने पार्ट परत मिळतील असं जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या.

तूर्तास फिल्टरच्या तळाचं डिझेल पारदर्शक बाटलीत काढून रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर आधी टाकी उतरवून धुवा, नवा फिल्टर घाला, हातपंपाने हवा काढा, आणि मगच रिटर्न टेस्ट करा. चार बाटल्यांचा फोटो इथे टाका. स्कॅनरवर सेल्फ मारताना रेल प्रेशर किती दाखवतं तेही लिहा.