अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात भूगोल, जर्मन आणि प्राथमिक भौतिकशास्त्र एकाच सत्रात घ्यावं का?

तुमची परिस्थिती मला कळली ती अशी: पुण्यात बी.कॉम. झालं, अकरावी-बारावीला जर्मन होतं पण आता आठवत नाही, एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या) कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला येऊन सव्वा वर्ष झालं. येत्या सत्रात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं कमी फीत शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, हे तीनही कोर्स घ्यायची इच्छा आहे आणि ओळखीची मंडळी म्हणतात, कशाला वेळ घालवतेस.

कोर्स जरूर घ्या. पण आता भूगोल आणि जर्मन घ्या, भौतिकशास्त्र पुढच्या सत्राला ठेवा. मी याच भागात राहते आणि हे तिन्ही विषय इथल्याच वर्गांत बसून शिकले आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

आधी वेळेचं गणित बघा. इथे कोर्सचा भार युनिटमध्ये (क्रेडिटमध्ये) मोजतात. भूगोल साधारण ३ युनिटचा, त्याची प्रयोगशाळा १ युनिटची, जर्मन बहुतेक ठिकाणी ५ आणि भौतिकशास्त्र ४. झाली १३ युनिट. सेमिस्टर पद्धतीत एका युनिटला वर्ग आणि घरचा अभ्यास धरून आठवड्याला ३ तास लागतात, म्हणजे हे सगळं मिळून पूर्णवेळ नोकरीइतकं काम झालं. डी अँझा आणि फूटहिल या जवळच्या कॉलेजांत क्वार्टर पद्धत आहे, सत्र १२ आठवड्यांत संपतं, त्यामुळे तिथे दमछाक आणखी होते. १२ युनिटांची सक्ती एफ-१ वाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना असते, तुम्हाला नाही. ही मोकळीक वापरा.

फीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात, क्वार्टरच्या युनिटला ३१. रहिवासी नसाल तर कित्येक पट. एच-४ वर असताना इथलं रहिवासीपण मिळू शकतं. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण व्हावा लागतो आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो: घराचा करार, राज्याचं टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स. तुमचं वर्ष भरलं आहे, पण कागदपत्रांवर तुमचं स्वतःचं नाव आहे ना ते तपासा. घराचा करार एकट्या नवऱ्याच्या नावावर असणं ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण आहे.

आता भूगोल. प्राकृतिक भूगोलच घ्या आणि प्रयोगशाळेसकट घ्या. शाळेत आपण भूगोल म्हणजे नकाशात नद्या भरणं असं शिकलो. इथे तो विज्ञानाचा विषय आहे. समोच्च रेषांवरून डोंगराचा उतार काढायचा, तापमान आणि पावसाच्या आकड्यांवरून हवामानाचा प्रकार ओळखायचा, असं काम असतं. आणि तुम्ही राहता तो परिसर या विषयासाठी सोन्यासारखा आहे. सॅन अँड्रियास भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली लांबच लांब भेग, तुमच्या पश्चिमेच्या सांताक्रूझ डोंगरांतून जातो. १९८९ चा ६.९ तीव्रतेचा लोमा प्रिएटा भूकंप त्याच डोंगरांत झाला. पालो आल्टोजवळच्या लॉस ट्रँकोस राखीव क्षेत्रात या भ्रंशावरून चालायची पायवाट आहे. दक्षिणेला पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानातले ज्वालामुखीचे खडक तर या भ्रंशालगत मूळ जागेपासून ३०० किलोमीटरांहून जास्त सरकत आलेले आहेत. त्यांचा उरलेला भाग पार दक्षिण कॅलिफोर्नियात सापडतो. हे वर्गात समजून घेतल्यावर तिथे जाऊन त्या कड्यांखाली उभं राहा, फार वेगळं वाटतं.

आणखी एक. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला दुष्काळ, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सॅन होजेतही तेच घडतं. वर्षाला जेमतेम ३८० मिलिमीटर पाऊस, आणि डोंगराच्या समुद्राकडच्या उतारांवर काही ठिकाणी त्याच्या तिप्पट. फक्त इथे पाऊस हिवाळ्यात येतो, कारण उन्हाळ्यात प्रशांत महासागरावरचा उच्च दाबाचा पट्टा वादळांना उत्तरेकडे ढकलतो. मान्सून ज्याने पाहिला आहे त्याला हा विषय फार लवकर भिडतो.

जर्मनमध्ये तुम्हाला वाटतं त्यापेक्षा पुढे सुरुवात होईल. तीन लिंगं आणि विभक्ती या दोन गोष्टींनी इंग्रजी मातृभाषा असलेले विद्यार्थी हैराण होतात, मराठी माणसाला त्यांची सवयच असते. मात्र कॉलेजची ग्रेड म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटचं ए-१ (सगळ्यात पहिल्या पातळीचं) प्रमाणपत्र नव्हे. व्हिसासाठी वगैरे ते हवं असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिवाय भाषेच्या वर्गात पुरेसे विद्यार्थी नसले तर सत्राच्या तोंडावर वर्ग रद्द होऊ शकतो, म्हणून नाव लवकर नोंदवा.

भौतिकशास्त्राचे तीन वेगवेगळे कोर्स असतात आणि सूचीत ते शेजारी शेजारी दिसतात. एक संकल्पनांवरचा, ज्याला शाळेतलं बीजगणित पुरतं. दुसरा त्रिकोणमितीवर आधारलेला, जीवशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्यांसाठी. तिसरा कॅल्क्युलसचा, इंजिनियरिंगवाल्यांसाठी. दहावीनंतर विज्ञान सुटलं असेल तर पहिलाच घ्या. तो कमी दर्जाचा मुळीच नाही. गणिताआधी कल्पना पक्की करायची ही पद्धत ज्यांच्यामुळे रुजली ते पॉल हेविट सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात, म्हणजे कम्युनिटी कॉलेजातच शिकवत होते. पुढच्या दोन कोर्सांची पाठ्यपुस्तकं राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सवर फुकट आहेत, पुढे जावंसं वाटलं तर चाळून बघा.

वेळ घालवतेस म्हणणाऱ्यांसाठी: कॅलिफोर्नियातली ही ११६ कम्युनिटी कॉलेजं राज्याच्या विद्यापीठांशी जोडलेली आहेत. कुठला कोर्स कुठल्या विद्यापीठात ग्राह्य धरतात हे असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेजनिहाय दिसतं. पुढे इथे पदवी करायची ठरलीच तर एवढं लक्षात ठेवा: प्राकृतिक भूगोल आणि भौतिकशास्त्र दोन्ही भौतिक विज्ञानाच्या एकाच रकान्यात मोजले जातात, तिथे एकच लागतो. दुसरा मग तुमच्या आवडीचा. माझ्या मते तेही पुरेसं कारण आहे.

नावनोंदणीच्या तारखेआधी काउन्सेलरची वेळ घ्या, ती भेट मोफत असते. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवशी हजर राहा. न आलेल्यांची नावं प्राध्यापक काढतात आणि त्या जागा वेटलिस्टवाल्यांना मिळतात.