'कार्यकारी राष्ट्राध्यक्ष' म्हणजे हंगामी का?

प्रश्न असा आहे: श्रीलंकेच्या रानिल विक्रमसिंघे यांना २०२२च्या बातम्यांत कुठे 'हंगामी राष्ट्राध्यक्ष' म्हटलंय, कुठे 'कार्यकारी राष्ट्राध्यक्ष'. दोन्हींचा अर्थ एकच का?

नाही. पण घोळ व्हायला कारण आहे, कारण त्या एका जुलै महिन्यात रानिल दोन्ही होते. १३ जुलैला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून मालदीवला गेले आणि पंतप्रधान रानिल यांच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार आला. हे हंगामी. २० जुलैला संसदेने त्यांना १३४ मतांनी रीतसर निवडलं. तेव्हापासून ते कार्यकारी.

मराठीत 'कार्यकारी' हा अधिकाराचा शब्द आहे. कार्यकारी अभियंता किंवा कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे दुसरा कुणी येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा नव्हे. श्रीलंकेच्या बाबतीत तर हे विशेषण लावावंच लागतं. १९७२ साली प्रजासत्ताक झाल्यावर तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष विल्यम गोपल्लवा आपल्या राष्ट्रपतींसारखे नामधारी होते. १९७७ची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकून जे. आर. जयवर्धने पंतप्रधान झाले, त्यांनी राज्यघटना बदलून घेतली आणि ४ फेब्रुवारी १९७८ला स्वतःच पहिले कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले. सत्ता पंतप्रधानांच्या कचेरीतून उठून त्यांच्यामागोमाग नव्या खुर्चीवर गेली. (राजकारणी म्हणून जे.आर. किती पोचलेले होते, ते एवढ्यावरून कळावं.)

रानिल नात्याने त्यांचे भाचे. जे.आर. यांनी घडवलेलं हे पद मात्र त्यांना लोकांच्या मतांवर कधीच मिळालं नाही. १९९९ला चंद्रिका कुमारतुंगा यांच्याकडून हरले, २००५ला महिंदा राजपक्षेंकडून. पंतप्रधानपदाची शपथ सहा वेळा घेतली. २०२०ला त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. राष्ट्रीय यादीतून (देशभरातल्या मतांच्या प्रमाणात पक्षांना वाटल्या जाणाऱ्या जागांतून) जी एक जागा पदरात पडली, तिच्यावरून २०२१ला ते संसदेत आले आणि वर्षभरात राष्ट्राध्यक्ष! २०२४ला लोकांसमोर गेले तर थेट तिसऱ्या क्रमांकावर.

गोंधळ बहुधा हिंदीतून आला असावा. तिथे हंगामी पदाला 'कार्यवाहक' म्हणतात. मराठीत 'कार्यवाह' म्हणजे संस्थेचा चिटणीस, तेव्हा तो शब्द तसाच उचलता येत नाही, मग जवळचा म्हणून 'कार्यकारी' चिकटवला जातो. तात्पुरत्या पदासाठी 'हंगामी' किंवा 'प्रभारी' लिहावं. 'काळजीवाहू' इथे नको. राजीनामा दिलेलं सरकार पुढची व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहतं, त्याला तो शब्द ठेवावा.