टाचांच्या भेगा आणि रुतणारं अंगठ्याचं नख: घरच्या घरी काय करावं?

टाचांना भेगा पडल्यात, अंगठ्याचं नख कडेने मांसात रुततंय आणि दर महिन्याला पार्लरात पैसे घालायचे नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. नकाच घालू. माझं नागपूरच्या सीताबर्डीवर चपला-बुटांचं दुकान आहे, दिवसभर नागपूरकरांचे पायच बघतो जी. हयगयीने जितके पाय बिघडतात, जवळपास तितकेच कापाकापीनेही बिघडतात.

आधी नखाचं. कोपरा दुखला की माणूस तोच कोपरा तिरपा, खोलवर कापतो. दोन दिवस बरं वाटतं, मग आत राहिलेलं नखाचं टोक वाढता वाढता थेट मांसात घुसतं. एका गिऱ्हाइकाने दुकानात मोजा काढला, तर अंगठ्याची कड सेफ्टी पिनने टोकरून लालभडक केलेली. वर त्यांना बूट हवे होते निमुळत्या टोकाचे!

नख अंघोळीनंतर कापा, तेव्हा ते मऊ असतं. पायासाठी मोठा, सरळ धारेचा नेलकटर घ्या. एका दमात कापू नका. या कडेपासून त्या कडेपर्यंत बारीक बारीक तुकडे काढत सरळ रेषेत जा आणि पांढरी कड जराशी शिल्लक ठेवा. कोपरे कापायचेच नाहीत. टोचत असतील तर फाइलने घासून बोथट करा. आता सूज असेल तर दिवसातून दोनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, कोरडा करा आणि काही दिवस पुढून ऐसपैस चपला घाला. पू दिसला तर घरचे उपाय थांबवा. डॉक्टर जागा बधिर करून नखाची कडेची पट्टी काढतात, छोटंसं काम असतं.

आता भेगा. तळपायाच्या कातडीत तेलग्रंथीच नसतात, त्यामुळे तिला वरूनच काहीतरी लावावं लागतं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, हवा कोरडी ठणठणीत. आणि पायात मागून उघडी चप्पल. पाऊल टाकलं की टाच वजनाने बाजूला पसरते, तिला धरायला मागे काही नसतं, आणि सुकलेली कातडी उकलते. चपला विकणाऱ्याने हे सांगू नये खरं तर, पण भेगा भरेपर्यंत मागून बंद असलेलंच काही घाला.

रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वज्रीने हलक्या हाताने घासणं. रक्त येणाऱ्या भेगेवर वज्री नको, आणि ब्लेड तर कुठेच नको. पाय टिपून घेतले की लगेच, ओल उडून जायच्या आत, युरिया असलेलं क्रीम लावा. मेडिकल स्टोअरमध्ये १० टक्के, २० टक्के असं लिहिलेलं मिळतं. जाड टाचेला २० चालतं. भेग उघडी असेल तर ते झोंबतं, तेव्हा आधी काही दिवस साधं व्हॅसलिन. वरून सुती मोजे. आजीच्या काळचं कोकम तेलही वाईट नाही, कारण काम तेच, ओल अडवायचं. लिंबू-सोड्याचे व्हिडिओ बघून प्रयोग मात्र करू नका, कातडी आणखी चिडते.

पावसाळ्यात प्रकरण उलटं. नागपंचमीच्या सुमारास पचमढीला नागद्वारची यात्रा करून आलेल्यांच्या बोटांमध्ये हमखास चिखल्या दिसतात. तिथे क्रीम-तेल नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या आणि बुरशीवरचंच साधं मलम लावायचं. खाज लगेच थांबवणाऱ्या तीन औषधांच्या मिश्र ट्यूबा मिळतात, त्यांत स्टिरॉइड असतं. बुरशी वरून दबते आणि आतून पसरते.

नख पिवळं, जाड, भुसभुशीत होत असेल तर नेलपॉलिशने झाकू नका. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या स्किन ओपीडीत दाखवा, ते नखाचा खरवडा तपासतात. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, त्यामुळे औषध लागू पडलं तरी अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष जातं. लोक दोन महिन्यांत कंटाळून औषध सोडतात, बाप्पा!

घरात कुणाला शुगर असेल तर वरचं पाण्यात भिजवणं, घासणं त्यांच्यासाठी नाही. पायाची जाणीव बरेचदा कमी झालेली असते. पाणी पोळतंय, खडा रुतलाय, कळतच नाही. कुरूपाच्या औषधी पट्ट्याही नकोत, त्यांतल्या आम्लाने जखम होते. रोज रात्री आरसा धरून तळवे बघा, बेचक्या बघा. नवरात्रात कोराडीला पायी जायचं असेल तर अनवाणी जाऊ नये, देवी रागवत नाही. आणि नवी चप्पल घ्यायची झाली तर कुणीही संध्याकाळीच यावं, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात.