‘हिला जरा टणक करा ओ, मॅडम’

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं ते मोजणं आता सोडून दिलंय. कधी वडील म्हणतात, कधी होस्टेलच्या रेक्टरबाई. कधी मूल स्वतःच विचारतं, ‘मला सगळ्याचाच त्रास होतो. आवाज, गर्दी, ट्यूबलाइट, कुणी जरा चढ्या आवाजात बोललं तरी. मी कमकुवत आहे का?’ सांगलीत शिकायला येणारी बरीच मुलं जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या वाड्यावस्त्यांवरची. घरी रात्री कुत्रं भुंकलं तर तेवढाच आवाज. इथे विश्रामबागेत एका खोलीत सहा जणी आणि सहा मोबाइल.

जतकडची एक मुलगी आठवते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. वडील सोबत आले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून खुर्चीच्या कडेला बसलेले. ‘आमच्यात असलं कुणाला न्हाई ओ. ही एकटीच लई नाजूक.’

वडील बाहेर गेल्यावर कळलं, तीन आठवडे ती रात्री मेसमध्ये जेवलीच नव्हती. कुकरच्या शिट्ट्या सहन होत नाहीत म्हणून केळी-बिस्किटांवर दिवस काढत होती. झोप तुटक. प्रॅक्टिकल बुडलेलं. रांगोळीत हात चांगला, तर त्यातही मन नाही. मी सरळ विचारलं, ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार भरतो, हा गैरसमज आहे. ती म्हणाली, ‘मरावं असं नाही. पण सकाळी उठूच नये असं वाटतं.’ त्याच आठवड्यात तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे, दिवसाचा बराच वेळ टिकलं आणि झोप-भूक बिघडली, तर ‘स्वभाव नाजूक’ म्हणून थांबू नये.

आता माझी चूक. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. माणसाला प्रसंग छळत नाही, प्रसंगाबद्दलचं त्याचं मत छळतं, हे वर्षानुवर्षं सांगत आले. तिलाही सांगितलं, ‘शिट्टी ही नुसती शिट्टी. तिला भयंकर तू ठरवतेस.’ ती मान डोलवायची. तीन भेटी नुसती मान डोलवली, आणि बघायची मात्र वर, छताकडे. मी वहीत लिहिलं, ‘नजरेला नजर देत नाही.’

चौथ्या भेटीत लाइट गेली. पंखा रेंगाळत थांबला आणि तिचे खांदे खाली आले. अक्षरशः दोन बोटं खाली आले असतील. मग ती बोलायला लागली, न थांबता, पंधरा-वीस मिनिटं. लाइट आली तशी म्हणाली, ‘आला.’

‘काय आला?’

‘खडखड. पंख्याची वरची वाटी सैल आहे, मॅडम.’

त्या पंख्याखाली मी सहा वर्षं बसत होते. मला ती खडखड त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. म्हणजे मुलगी नजर टाळत नव्हती, आणि शिट्टी तिला ‘भयंकर वाटत’ नव्हती. ती तिच्या अंगात खरोखरच जास्त जोरात पोचत होती. मी पंखा बंद केला आणि पुन्हा विचारलं.

‘शिट्टी झाली की काय होतं?’

‘छातीत धडधडतं.’

‘मग?’

‘मग वाटतं, बाकीच्या पाच जणी मजेत जेवतात. मीच असली.’

‘शिट्टी किती वेळ वाजते?’

‘पाच-सात सेकंद.’

‘आणि “मीच असली”?’

ती बराच वेळ गप्प होती. ‘ते... दुसऱ्या दिवशीपर्यंत.’

एलिस इथे कामाला आले, पण दुसऱ्या मजल्यावर. धडधड हा पहिला मजला. तिथे वाद घालून उपयोग नसतो. वाद घालायचा तो ‘मीच असली’शी. इतक्या वर्षांच्या कामात हे मला एका पंख्याने शिकवलं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते, आणि सांगताना थोडी खूशही असते.

आवाज, उजेड, गर्दी असं सगळंच जास्त जोरात पोचण्याच्या या स्वभावाला संवेदी प्रक्रिया-संवेदनशीलता म्हणतात. इलेन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि ती मोजायला २७ प्रश्न दिले. हा आजार नाही. २०१८ च्या एका अभ्यासात सुमारे ३१ टक्के प्रौढ जास्त संवेदनशील निघाले, ४० टक्के मध्यम, २९ टक्के कमी. म्हणजे सहा जणींच्या खोलीत अशी दुसरीही असू शकते, बोलत नसेल एवढंच. अशा माणसांना वाईट वातावरण जास्त लागतं, तसं चांगलं वातावरण जास्त मानवतंही. घरात ते अनेकदा वारशाने आलेलं असतं. मात्र त्रास नव्याने सुरू झाला असेल, कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा अर्धशिशी असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि टणक करणं? रोज शिट्टीसमोर बसवलं की मूल टणक होत नाही, थकतं. उलट कायम खोलीत कोंडून घेतलं, दिवसभर कानात बोळे घातले, तर साधा आवाजही पुढे जास्त बोचतो. तणाव सोसण्याची ताकद म्हणजे त्रास न होणं नव्हे, त्रास झाल्यावर सावरता येणं. आम्ही साधंच केलं. मेसला आठऐवजी नऊला जायचं, तोवर कुकर उतरलेले असतात. बोळे फक्त झोपताना. कॉलेजमधून आल्यावर वीस मिनिटं गच्चीवर, मोबाइल खाली ठेवून. खोलीतल्या मुलींना ‘तुम्ही फार आवाज करता’ असं न म्हणता ‘दहानंतर रील्स हेडफोनवर बघाल का?’ एवढंच विचारायचं. पाचपैकी चौघी लगेच तयार झाल्या. पाचवीबद्दल तिच्याकडे अजून तक्रारी आहेत. पुढे ती आपणहून आधी साडेआठला आणि मग सव्वाआठला मेसमध्ये गेली. एका रात्री मेसेज आला, ‘जेवले. चार शिट्ट्या. आमटी पाणचट.’ मला त्यातल्या तक्रारीचाच जास्त आनंद झाला. जेवणाला नावं ठेवण्याइतकी भूक परत आली होती.

कुणाला रात्री-अपरात्री गरज पडली, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.

सहा महिन्यांनी वडील तिला घ्यायला आले. पुन्हा खुर्चीच्या कडेला बसले, टोपी गुडघ्यावर. मी काही बोलायच्या आधी त्यांनी वर बघितलं.

‘पंखा नीट केला व्हय, मॅडम? मागल्या खेपेला लई खडखडत हुता.’