‘द विचिंग अवर’ : मधले दफ्तर ओलांडू नका

आपण लिहिले आहे की अ‍ॅन राइस या अमेरिकन लेखिकेची ‘द विचिंग अवर’ ही भयकादंबरी आपण उत्साहाने हाती घेतली, पहिला भाग दोन-तीन रात्रींत वाचून संपवला, आणि मेफेअर या ‘चेटकीण घराण्याचा’ जुना इतिहास सुरू होताच वाचन अडले. काही वाचक या कादंबरीला राइस यांचे सर्वोत्तम लेखन मानतात, तर काहींना ती निम्म्याने कापायला हवी होती असे वाटते. या दोन टोकांमुळे आपण गोंधळला आहात आणि इतिहासाचा तो भाग गाळून पुढे गेले तर चालेल का, असा आपला प्रश्न आहे. मी ही कादंबरी तीन वेळा वाचली आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे : तो भाग गाळू नये. आपण जिथे थांबला आहात तिथूनच खरी कादंबरी सुरू होते. शेवट फुटणार नाही याची काळजी घेऊन मी लिहिते आहे.

मतभेदाचे मूळ माझ्या मते वाचकांच्या अपेक्षेत आहे. आपल्यापैकी बहुतेकांची भयसाहित्याची गोडी नारायण धारपांवर पोसलेली आहे. धारपांच्या कथेत धोका लवकर दिसतो, त्याला एक सीमा असते आणि ती सीमा ओलांडली जाण्याची धास्ती वाचकाला पुढे नेते. राइस यांची रीत निराळी आहे. पहिल्या प्रकरणात न्यू ऑर्लिन्समधील एका जुन्या घराच्या व्हरांड्यात डिअर्ड्रा मेफेअर वर्षानुवर्षे औषधांच्या गुंगीत बसलेली आहे, तिच्या गळ्यात एक मोठा पाचू आहे, आणि तिला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरला तिच्याजवळ उभा असलेला एक देखणा पुरुष दिसतो. त्यानंतर तीच गोष्ट एका धर्मगुरूच्या आठवणीतून आणि डिअर्ड्राच्या शाळेतील मैत्रिणीच्या तोंडून येते. म्हणजे घराण्यातील कोणी काही सांगण्याआधी गावच बोलू लागते, आणि प्रत्येकाला सत्याचा एकेक तुकडाच ठाऊक असतो. हा भाग सर्वांना आवडतो, कारण त्यात कुजबुज आहे आणि कुजबुज वाचायला वेळ लागत नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायकेल करी बुडता बुडता वाचतो, त्याच्या हातांना स्पर्शातून वस्तूंचा भूतकाळ दिसू लागतो, त्याला वाचवणारी रोवन ही मेंदूची शल्यविशारद निघते, आणि कथा वेग घेते. नेमक्या याच ठिकाणी लेखिका तो वेग मोडते आणि टॅलामास्का या अभ्यासकांच्या गूढ संस्थेने तीन शतके जपलेले मेफेअर घराण्याचे दफ्तर आपल्यापुढे उघडते.

शेकडो पानांचे हे दफ्तर आपल्याला परके वाटायला नको, असे मला मनापासून वाटते. मराठीत कुलवृत्तान्त नावाचा ग्रंथप्रकार आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावातून निघाला, कोणती शाखा कुठे स्थिरावली आणि वतन कोणाकडे गेले, हे त्यात पिढीवार नोंदलेले असते. आमच्या घरातील कुलवृत्तान्त मी लहानपणी तासन्‌तास चाळत असे, आणि त्यातील बायकांच्या नोंदी नेहमी एका ओळीत संपत : माहेरचे नाव, सासरचे नाव, अपत्ये. मेफेअर दफ्तर वाचताना मला पहिल्यांदा जाणवले की हा उलटा लावलेला कुलवृत्तान्त आहे. येथे मूळ पुरुष नाही, मूळ स्त्री आहे. स्कॉटलंडमधील डोनेलेथ या काल्पनिक गावची सुझॅन ही अशिक्षित सुईण, ती चेटकीण ठरून जाळली जाते. तिची मुलगी डेबोरा अ‍ॅम्स्टरडॅममार्गे फ्रान्समध्ये जाते. डेबोराची मुलगी शार्लोट कॅरिबियनमधील सँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, मळ्याची मालकीण होते. पुढे मारी क्लॉदेत लुईझियानात येते, आणि कॅथरीनच्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या फर्स्ट स्ट्रीटवरचे ते घर उभे राहते. सुझॅनपासून डिअर्ड्राच्या मुलीपर्यंत, म्हणजे रोवनपर्यंत, तेरा जणी. प्रत्येक पिढीत मालमत्ता एकाच मुलीकडे जाते, लग्न झाले तरी तिने मेफेअर हेच आडनाव ठेवायचे असते, आणि पुरुष बहुधा बाहेरून येतात व एखाद्या ओळीत मावळतात. ज्युलियनसारखा पुरुष अपवाद म्हणून उठून दिसतो तो यामुळेच.

अशा रचनेत पुनरावृत्ती अपरिहार्य आहे आणि वाचकांची सर्वांत मोठी तक्रार तिच्याविषयीच आहे. प्रत्येक पिढीत पाचू, प्रत्येक पिढीत तो देखणा पुरुष, प्रत्येक पिढीत कोणाचा तरी अकाली मृत्यू. ही तक्रार खोटी नाही. तिसऱ्या वाचनातही एकोणिसाव्या शतकातील काही पाने मला जड गेली. मात्र लक्ष देऊन वाचले तर पुनरावृत्तीच्या आत एक बदल चाललेला दिसतो. सुझॅन लॅशरला, म्हणजे त्या देखण्या पुरुषाला, बोलावते ती जवळजवळ खेळ म्हणून, तो कोण आहे हे न कळता. मेरी बेथच्या काळात तो घराण्याच्या व्यवहारात एखाद्या निष्णात मुनिमासारखा उपयोगी पडतो. स्टेलाला तो करमणूक वाटतो. अँथा आणि डिअर्ड्रा यांच्यापर्यंत येता येता बोलावणारी कोण आणि बोलावला जाणारा कोण, हेच उलटून गेलेले असते. हा उलटा प्रवास एका वाक्यात सांगता आला असता, पण तो पटला नसता. तेरा पिढ्या पाने उलटूनच अनुभवाव्या लागतात, आणि वाचकाला येणारा थकवा हा त्या घराण्यातील मुलींच्या थकव्याचाच एक अंश आहे असे मी मानते.

सिंधुदुर्गाकडील वाचकांना लॅशर समजून घेण्यासाठी राखणदाराची कल्पना उपयोगी पडेल. घराची, बागेची राखण करणारी अदृश्य शक्ती, तिला ठरल्या दिवशी ठरलेली राखण द्यायची आणि बाकी वर्षभर निर्धास्त राहायचे, हा करार तिकडे घरातील मुलालाही ठाऊक असतो. लॅशर वरवर तसाच आहे : तो संपत्ती वाढवतो, शत्रूंना दूर ठेवतो, मुलींच्या पाळण्याशी उभा राहतो. फरक इतकाच की राखणदाराचे मागणे ठरलेले असते, तर लॅशरला शेवटी काय हवे आहे हे एकीलाही पुरते उमगत नाही, आणि तरी करार चालूच राहतो. घराण्यात त्याचे नावही सहसा घेतले जात नाही. त्याला ‘तो माणूस’ म्हणतात, जसे आपल्याकडे रात्री सापाला ‘जनावर’ म्हणतात. या कादंबरीतील भीती मला तरी त्या साध्या संबोधनात सर्वांत जास्त जाणवली.

आता कार्लोटा मेफेअरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण वाचकांची मते तिच्याबाबतीत सर्वाधिक दुभंगतात. पुष्कळांना ती कादंबरीतील निर्विवाद खलनायिका वाटते. भाचीच्या मुलीला, म्हणजे डिअर्ड्राला, औषधांनी निष्प्राण करून खुर्चीत बसवणारी, तिची नवजात मुलगी तिच्यापासून तोडून दूर कॅलिफोर्नियात पाठवणारी, जपमाळ ओढत क्रौर्य करणारी वकील बाई. हे सारे ती करते, यात वाद नाही. पण दफ्तर गाळणाऱ्या वाचकाला तिचा दुसरा अर्धा भाग कधीच भेटत नाही. घराण्याचा वारसा हा वारसा नसून फास आहे हे ओळखणारी आणि साखळी तोडण्यासाठी आपले सगळे आयुष्य खर्च करणारी मेफेअर स्त्री तीच आहे. तिच्या बहिणीचा, स्टेलाचा, भर मेजवानीत सख्ख्या भावाच्या गोळीने मृत्यू होतो. स्टेलाची मुलगी अँथा त्याच घराच्या माळ्यावरून पडून मरते. यानंतर तान्ह्या डिअर्ड्राचा पाळणा ज्या बाईच्या ताब्यात येतो, तिने काय करायला हवे होते? तिने निवडलेला उपाय भयंकर होता. एका दुष्ट शक्तीपासून मुलीला वाचवताना तिने त्या मुलीचे जगणेच काढून घेतले. मला कार्लोटा क्षम्य वाटत नाही, परंतु समजते, आणि एका भयकादंबरीने असे पात्र माझ्या मनात तीस वर्षे जिवंत ठेवले याबद्दल मी लेखिकेची ऋणी आहे.

घराविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. कादंबरीतील फर्स्ट स्ट्रीटचे घर कल्पनेतले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये फर्स्ट आणि चेस्टनट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर 1857 मध्ये बांधलेले ते घर राइस यांनी 1989 मध्ये विकत घेतले, आणि 1990 मध्ये ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका त्याच शहरात 1941 मध्ये जन्मली. तिचे बालपण जवळच्या, पण आर्थिकदृष्ट्या फार दूरच्या, आयरिश वस्तीच्या कडेला गेले. मायकेल करीला राइस यांनी नेमके तेच बालपण दिले आहे : गरीब आयरिश घरातील मुलगा त्या घराच्या कुंपणाबाहेर उभा राहून बागेतील माणसाकडे पाहतो. घरांच्या वर्णनांना ‘लांबण’ म्हणणाऱ्या वाचकांना मी एवढेच सुचवीन की ही वर्णने पुष्कळ वर्षे परगावी राहून परतलेल्या माणसाने केलेली आहेत, आणि मायकेलचा व्यवसाय जुनी घरे दुरुस्त करण्याचा आहे हा योगायोग नव्हे.

ह्यूस्टनला लेकाकडे गेले असताना आम्ही दोन दिवस काढून न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो. घर खासगी असल्याने रस्त्यावरूनच पाहिले. ओक वृक्षांची दाट सावली, मुळांनी उचललेली पदपथाची फरशी, लोखंडी कुंपणावरील गुलाबासारखी नक्षी, सारे पुस्तकातल्याप्रमाणे होते. तिथून थोड्याच अंतरावर लफायेट क्रमांक एकची दफनभूमी आहे, जिथे कादंबरीतील मेफेअरांची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा ती दुरुस्तीसाठी बंद होती, त्यामुळे फाटकाच्या गजांतून पाहिले. त्या शहरात कुटुंबांच्या कबरी जमिनीवर, छोट्या घरांसारख्या बांधलेल्या असतात, आणि ठरावीक काळ उलटल्यावर जुने अवशेष मागे सारून त्याच जागेत पुढच्या पिढीची शवपेटी ठेवतात. एकाच दाराआड सगळ्या पिढ्या, एकमेकींत मिसळलेल्या. दफ्तराची ती शेकडो पाने राइस यांना का लिहावी लागली, हे मला तिथे उभे असताना अधिक कळले.

कादंबरीचे दोष मात्र झाकून ठेवणे योग्य होणार नाही. घराण्यात रक्ताच्या नात्यांतील शरीरसंबंध पिढ्यानपिढ्या चालतात, त्यांत अल्पवयीन मुलींचाही संबंध येतो, आणि लेखिका काही ठिकाणी त्या प्रसंगांत आवश्यकतेपेक्षा जास्त रमते. पुढील ‘लॅशर’ (1993) आणि ‘टॅल्टॉस’ (1994) या भागांत हे आणखी वाढते. ज्या वाचकांनी या कारणाने पुस्तक मिटले त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. दुसरा दोष मला अधिक खटकतो. मेफेअरांची संपत्ती सँ-दोमिंग आणि लुईझियाना येथील मळ्यांवर, म्हणजे गुलामांच्या श्रमावर उभी आहे. 1791 मध्ये सँ-दोमिंगमध्ये गुलामांचा जो प्रचंड उठाव झाला, तो तर जगाच्या इतिहासातील मोठा टप्पा आहे. इतक्या बारकाईने लिहिलेल्या दफ्तरात त्या माणसांना स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. वारशाच्या पापाविषयी लिहिणाऱ्या कादंबरीने सर्वांत मोठ्या पापाजवळून इतक्या घाईने जावे, हे मला तिन्ही वाचनांत सलत राहिले.

शेवटाविषयी इतकेच सांगते की रोवनचा निर्णय अनेकांना अचानक वाटतो. पहिल्या वाचनात मलाही तो तसाच वाटला होता. दफ्तर नीट वाचून पुन्हा तिथे पोहोचले तेव्हा तो निर्णय आधीच्या पिढ्यांत अनेकदा होऊन गेलेला दिसला. 2023 मधील दूरचित्रवाणी मालिका पाहून कादंबरीविषयी मत बनवू नये, अशी विनंतीही करते, कारण तिच्यात मायकेल करी हे पात्रच नाही. त्याच्या जागी सिप्रियन ग्रीव्ह हे नवे पात्र आणले आहे, आणि त्याबरोबर कुंपणाबाहेरचा तो मुलगाही गेला आहे.

शब्दाविषयी एक गोष्ट. आपण ‘चेटकीण घराणे’ असे लिहिले आहे आणि दुसरा सोपा शब्द माझ्याकडेही नाही. तरी सातपुड्यातील पाड्यांवर आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते, आणि महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, हे मनात ठेवून सुझॅनचे प्रकरण वाचावे. ते लॅशरच्या जन्माचे प्रकरण म्हणून वाचले जाते, पण ती आधी एका सुईणीला जिवंत मारल्याची हकिगत आहे.

प्रत्यक्ष वाचनासाठी माझी सूचना अशी : एका कागदावर तेरा नावे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकीसमोर तिची आई, तिचे गाव व तिचा शेवट मांडत जा. रोज एकाच मेफेअर स्त्रीपर्यंत थांबा, एका बैठकीत दोन पिढ्या घेऊ नका. दफ्तरातील पेट्र व्हॅन एबल या टॅलामास्काच्या अभ्यासकाची जुनी पत्रे मात्र सलग वाचा, ती तुटक वाचली तर त्यातील ओढ हरवते. दफ्तर संपले की लगेच पुढे न जाता पहिले प्रकरण पुन्हा उघडा. व्हरांड्यात डिअर्ड्रा तशीच बसलेली असेल, डॉक्टर तसाच गोंधळलेला असेल, पण तिच्या गळ्यातील पाचू तिच्याआधी कोणाकोणाच्या गळ्यात होता हे या वेळी आपल्याला ठाऊक असेल.