कोड निघाला, आता कोणता पार्ट बदलू?
(वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी २०१६ची आहे. चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून स्कॅनर लावला, तर पी-०१७१ हा बिघाडाचा कोड निघाला. मेकॅनिकनं ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला. पंधरा दिवसांत दिवा परत लागला. स्लोला गाडी थरथरते, हायवेला मात्र चांगली पळते. आता काय बदलायचं?
— वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : तूर्त काहीच बदलू नका. पी-०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. ही बातमी ऑक्सिजन सेन्सरनं (सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) दिली आणि बदलला गेला तोच. सेन्सरच बिघडला असता तर सहसा पी-०१३० ते पी-०१३५ यांपैकी एखादा कोड आला असता. जुना सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा, तो बहुधा चांगलाच असेल.

स्लोला थरथर आणि हायवेला ठीक, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ. स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा इंजिनात नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात असतो. अशा वेळी बारीक भेगेतूनही मोजमापाबाहेरची हवा आत ओढली जाते. रेस वाढली की एकूण हवेपुढे ती गळती किरकोळ ठरते. (हे आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवाल्या गाडीचं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर अशी गळती बऱ्याचदा स्लोचे आरपीएम चढवून दाखवते.)

खात्री करायला इंजिन पूर्ण गरम करा आणि स्कॅनरवर शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याची) बेरीज बघा, एकदा स्लोला, एकदा २,५०० आरपीएमवर. उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. स्लोला +२० ते +२५ आणि २,५०० ला +५ वर आली, तर हवा गळतेय हे नक्की समजा. उलट रेस आणि लोडबरोबर बेरीज वाढतच गेली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एमएएफ धुळीनं माखलाय. मग फिल्टर, पंप आणि फ्युएल प्रेशर तपासायचं.

गळती शोधताना पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळीपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होतं आणि चिरा पडतात त्या नेमक्या वाकणाच्या खालच्या अंगाला, वरून दिसतच नाहीत. नळी हातानं वाकवून बोट फिरवा. मग ब्रेक बूस्टरची नळी, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंगा. गाडी स्लोला ठेवून एकेका जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा, कॉइल आणि वायरिंगचे प्लग वाचवून. भेगेवर पाणी पडलं की ती क्षणभर बुजते आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कार्ब क्लीनरनंही हे करतात, पण तो पेट घेतो. गरम सायलेन्सरजवळ ते धाडस नको. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा जोड फुटला असेल तरी खोटं लीन दिसतं, तेही बघून घ्या.

प्रश्न : गाडी महिनाभर कोठ्यात, तुरीच्या कुटाराजवळ (भुशाजवळ) उभी होती. आता स्टार्ट व्हायला वेळ लागतो, फॅन सारखा फिरतो, पी-०११८ येतो. सेन्सर मागवू का?
— वाचक, समुद्रपूर (जि. वर्धा)

उत्तर : आधी उंदरावर संशय घ्या. पी-०११८ म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त, म्हणजे बहुतेक वेळा वायर तुटलेली. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) तापमान उणे ४० दिसतं. तो खरं मानत नाही, पण इंजिन तापू नये म्हणून फॅन चालू ठेवतो.

सेन्सरचा प्लग काढा, इग्निशन ऑन करा. प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरवर साधारण ५ व्होल्ट यायला हवेत. मग त्या दोन पिना छोट्या तारेनं जोडा. स्कॅनरवरचं तापमान एकदम १२० च्या वर गेलं, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, दोष सेन्सरचा किंवा सैल पिनेचा. उणे ४० वरच राहिलं, तर वायर कुठेतरी तुटलीय. थंड सेन्सर खोलीच्या तापमानाला साधारण २ ते ३ किलोओहम दाखवतो, गरम झाल्यावर २००-३०० ओहम.

तुटलेल्या वायरीचा सांधा सोल्डर करून वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळला तर एका पावसाळ्यात हिरवा पडतो. आणि गाडी कुटारापासून लांब लावा. रात्री बोनेट उघडं ठेवलं तरी फरक पडतो. उंदराला अंधार आणि ऊब लागते.

प्रश्न : बॅटरीची तार काढली की दिवा जातो. मग स्कॅनरला पैसे कशाला?
— वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : दिवा जातो, बिघाड राहतो. शिवाय कोड पडला त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान असलेला फ्रीझ फ्रेमही पुसला जातो. पुसण्याआधी त्याचा फोटो काढा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र मिसफायर आहे. रेस सोडा, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

प्रश्न : डिझेल गाडी चिखलदऱ्याच्या घाटात दम सोडते, पी-००८७ येतो. बंद करून चालू केली की पुन्हा ठीक. डिझेल शेतावरच्या ड्रमातलं असतं. हाय प्रेशर पंप बदला म्हणतात.
— वाचक, परतवाडा (जि. अमरावती)

उत्तर : पंप सगळ्यात शेवटी. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधलं प्रेशर मागणीपेक्षा कमी, एवढंच हा कोड सांगतो. घाटात मागणी जास्त, म्हणून तिथेच उघडं पडतं. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरचा ड्रेन स्क्रू सैल करून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी तळाशी वेगळं दिसेल. फिल्टर बदला, हातपंपानं हवा काढा. तरी कोड आला, तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लावून बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर टाकीकडची लाइन हवा ओढतेय. मग इंजेक्टरांची रिटर्न तपासणी, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, चारही बाटल्यांतली पातळी जवळजवळ सारखी हवी. चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइप सैल करू नका. आत दाब १,००० बारच्या वरही जातो, धार कातडी फोडून आत शिरते. ड्रमाची नळी तळापासून वीतभर वर ठेवा आणि खालचं डिझेल गाडीत घालू नका.