जुन्या लँड रोव्हरचा रंग काढून ॲल्युमिनियमचं बॉनेट आरशासारखं चकचकीत करता येईल का?

होईल, नक्की होईल. १९४८ सालच्या पहिल्या मॉडेलपासूनच या गाडीचे बाहेरचे बहुतेक पत्रे बर्माब्राइट नावाच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूचे आहेत. रंग काढायला वायर ब्रश किंवा कॉस्टिक सोडा अजिबात नको. ब्रशचे लोखंडी कण पत्र्यात रुतून बसतात, सोडा तर धातूच खातो. ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर घ्या. पोचे असतील तर आधी काढा, चकाकीत ते जास्तच दिसतात.

खरी मेहनत वॉटर पेपरची, म्हणजे ओला करून घासायच्या पॉलिश पेपरची; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असे चढत जा, पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून. एक नंबर आडवा, पुढचा उभा, म्हणजे आधीचे राहिलेले ओरखडे लगेच दिसतात. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला हात लावू नका. इथे घाई केली की बफिंगनंतर उन्हात एकेक रेघ डोळ्यांत खुपते.

मग मशीनवरचा कापडी बफ, म्हणजे चकाकी आणायची कापडी चकती: आधी ट्रिपोली हे तपकिरी पॉलिशिंग कंपाउंड, नंतर अधिक बारीक पांढरं कंपाउंड, दोन्हींना वेगळा बफ. मशीन सतत फिरतं ठेवा, नाहीतर पत्रा तापून वाकतो. काळं किट्ट निघेल, घाबरू नका. वाळायच्या आत मऊ कापडाने पुसा. मास्क लावाच, आणि जवळपास ठिणग्या नकोत, ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटते.

क्लिअर लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, उघड्या ॲल्युमिनियमवर नीट धरत नाही, सोलतो. मी वॅक्सच लावेन. कोकणातल्या खाऱ्या हवेत चमक लवकर जाते, तिथे पुन्हापुन्हा हात फिरवायची तयारी हवी.